इंग्रजीतील टापटिपीचे खाद्यवाचक वाक्प्रचार : अर्थ, उगम आणि व्युत्पत्तीच्या दंतकथा

प्रस्तावना

कोणत्याही भाषेतील वाक्प्रचार हे त्या भाषिक समाजाच्या जीवनपद्धतीचे संचित असते. शेती, युद्ध, व्यापार, धर्म आणि स्वयंपाकघर या क्षेत्रांतून भाषेला सर्वाधिक वाक्प्रचार मिळाल्याचे दिसते. त्यांतही स्वयंपाकघराचे महत्त्व वेगळे आहे. युद्ध काहींच्याच वाट्याला येते, अन्न मात्र सर्वांच्या. त्यामुळे अन्नावरून घडलेले शब्द समाजाच्या सर्व थरांत सहज रुजतात आणि पुढे त्यांचा अन्नाशी असलेला संबंध बोलणाऱ्याच्या ध्यानातही राहत नाही.

इंग्रजी भाषेत टापटीप, सुव्यवस्था आणि तिच्या उलट असणारा पसारा, गोंधळ व्यक्त करण्यासाठी खाद्यपदार्थांचा विपुल वापर झाला आहे. सर्व काही जागच्या जागी असेल तर ते 'ॲपल-पाय ऑर्डर'मध्ये आहे असे म्हणतात. खोली अस्ताव्यस्त असेल तर ती 'मेस' असते. काम बिघडवले तर त्याचा 'हॅश' होतो. निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ झाली की 'हॉचपॉच' होतो. एखाद्याची घडी विस्कटली तर त्याची 'ॲपल-कार्ट' उलटली असे म्हणतात. हे शब्दप्रयोग भारतातील इंग्रजीच्या अध्यापनातही नित्य येतात आणि त्यांच्या उगमाविषयी अनेक कथा सांगितल्या जातात. यांपैकी बऱ्याच कथा रंजक आहेत, परंतु कालानुक्रमाच्या कसोटीवर त्या टिकत नाहीत. प्रस्तुत शोधनिबंधात या वाक्प्रचारांचा अर्थ व इतिहास उपलब्ध लिखित पुराव्यांच्या आधारे तपासला आहे.

उद्दिष्टे

१. टापटीप व अव्यवस्था सूचित करणाऱ्या प्रमुख इंग्रजी खाद्यवाचक वाक्प्रचारांचा अर्थ स्पष्ट करणे.
२. त्यांच्या उगमाविषयीच्या प्रचलित उपपत्तींची चिकित्सा करणे.
३. सुव्यवस्था व अव्यवस्था यांसाठी योजलेल्या खाद्यपदार्थांच्या स्वरूपातील फरक शोधणे.
४. या शब्दांपैकी काहींचा भारतीय व्यवहाराशी आलेला संबंध नोंदविणे.

अभ्यासपद्धती

या अभ्यासासाठी ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला आहे. शब्दाच्या उगमाचा निर्णय करताना तीन कसोट्या लावल्या आहेत. पहिली कालाची : जी घटना किंवा प्रथा वाक्प्रचाराच्या पहिल्या लेखी नोंदीनंतरची असेल ती त्याचे मूळ ठरू शकत नाही. दुसरी स्थळाची : वाक्प्रचार जेथे प्रथम आढळतो तेथील जीवनाशी सांगितलेल्या कथेचा मेळ बसला पाहिजे. तिसरी ध्वनीची : मूळ म्हणून सांगितलेल्या शब्दाचे उच्चारण बदलत बदलत आजच्या रूपापर्यंत येणे शक्य असले पाहिजे.

ऐतिहासिक तत्त्वावरील कोशरचनेमुळे हा अभ्यास शक्य झाला आहे. जेम्स मरे यांच्या संपादकत्वाखाली निघालेल्या ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मूळ कोश १९२८ मध्ये पूर्ण झाला. प्रत्येक शब्दाचे दिनांकित उतारे कालक्रमाने देणे हे या कोशाचे वैशिष्ट्य होय. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या संस्कृत महाकोशाच्या प्रकल्पानेही हेच ऐतिहासिक तत्त्व स्वीकारले आहे.

विषय विवेचन

(अ) 'ॲपल-पाय ऑर्डर' : अर्थ आणि पहिल्या नोंदी

'पाय' म्हणजे पिठाच्या पारीत फळांचे किंवा मांसाचे सारण भरून भट्टीत भाजलेला पदार्थ. सफरचंदाचा पाय हा इंग्लंडमधील अत्यंत जुना पदार्थ आहे. दुसऱ्या रिचर्ड राजाच्या मुदपाकखान्यातील पाककृतींचा 'द फॉर्म ऑफ क्युरी' हा संग्रह सुमारे १३९० मधील आहे. त्यात सफरचंदे, अंजीर, मनुका, नासपती व मसाले पारीत भरून भाजण्याची कृती आढळते. रॉबर्ट ग्रीन या लेखकाच्या १५८९ मधील 'मेनाफॉन' या गद्यकथेतील एका गीतात प्रेयसीच्या श्वासाला सफरचंदाच्या पायच्या वाफेची उपमा दिली आहे. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा पदार्थ सर्वपरिचित होता.

वाक्प्रचार मात्र बराच नंतरचा आहे. 'ॲपल-पाय ऑर्डर'ची आतापर्यंत उद्धृत होत आलेली सर्वांत जुनी नोंद १७८० मधील आहे. ती थॉमस पॅस्ली या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याच्या खाजगी रोजनिशीत सापडते. पॅस्ली हे त्या काळी युद्धनौकेचे कप्तान होते. पुढे ते ॲडमिरल झाले व १७९४ च्या फ्रान्सविरुद्धच्या सागरी लढाईत त्यांनी एक पाय गमावला. रविवारी खलाशांचे अंग व पोशाख स्वच्छ आणि अगदी टापटिपीत असले पाहिजेत, अशा अर्थाने त्यांनी हा प्रयोग केला आहे. महिनोन्महिने समुद्रावर राहणाऱ्या नौकांवर अस्वच्छता म्हणजे रोगराईला आमंत्रण असे. त्यामुळे रविवारची हजेरी व तपासणी ही केवळ शोभेची बाब नव्हती. फ्रेडरिक मॅरियट या नौदलातूनच आलेल्या कादंबरीकाराने १८३४ च्या 'जेकब फेथफुल' या कादंबरीत नाव नीटनेटकी करण्याच्या संदर्भात हाच वाक्प्रचार वापरला आहे. वाक्प्रचार नौदलातच जन्मला असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. परंतु तो तेथे रूढ होता, हे निश्चित.

दुसरी लक्षणीय नोंद त्याच्या भगिनी-शब्दाची आहे. 'ॲपल-पाय बेड' म्हणजे थट्टेसाठी मुद्दाम चुकीचा घातलेला बिछाना. यात चादर मध्येच दुमडून अशी खोचतात की झोपणाऱ्याला पाय लांब करता येत नाहीत. नॉरफोकमधील वेस्टन लाँगव्हिल येथील धर्मोपदेशक जेम्स वुडफर्ड यांनी ३ फेब्रुवारी १७८१ च्या रोजनिशीत आपला असा बिछाना घातला गेल्याचे व त्यामुळे झोप नीट न झाल्याचे नमूद केले आहे. एक नोंद युद्धनौकेवरील, दुसरी खेड्यातील घरातील, आणि दोहोंत जेमतेम वर्षाचे अंतर. यावरून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात 'ॲपल-पाय' हे विशेषण घडी, रचना आणि मांडणी यांच्याशी जोडले गेले होते असे अनुमान करता येते.

येथे एक बाब विशेष महत्त्वाची आहे. वुडफर्ड यांची रोजनिशी १९२४ ते १९३१ या काळात पाच खंडांत आणि पॅस्ली यांची १९३१ मध्ये छापली गेली. म्हणजे या वाक्प्रचाराच्या उगमाच्या बहुतेक लोकप्रिय उपपत्ती जेव्हा मांडल्या गेल्या, तेव्हा हे दोन्ही पुरावे कोणापुढेही नव्हते.

(आ) प्रचलित उपपत्तींची चिकित्सा

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये शब्दांच्या जन्मकथा शोधण्याचा छंद सुशिक्षितांत पसरला होता. १८४९ मध्ये विल्यम टॉम्स यांनी 'नोट्स अँड क्वेरीज' हे नियतकालिक काढले. अशा प्रश्नोत्तरांचे ते मुख्य व्यासपीठ बनले. १८७० मध्ये ई. कोबम ब्रूअर यांचा वाक्प्रचार व आख्यायिकांचा कोश प्रथम प्रसिद्ध झाला. त्याच्या शतकाच्या अखेरीच्या आवृत्तीत 'ॲपल-पाय ऑर्डर'चा उगम संशयास्पद असल्याचे मान्य करून काही शक्यता दिल्या आहेत. पुढील पुस्तकांनी संशयाचा भाग गाळला आणि शक्यता तेवढ्या उचलल्या. त्या पुढीलप्रमाणे होत.

१. 'कॅप-आ-पी' उपपत्ती : जुन्या फ्रेंचमधील या शब्दसमूहाचा अर्थ 'डोक्यापासून पायांपर्यंत'. संपूर्ण चिलखत चढविलेल्या योद्ध्याचे ते वर्णन होय. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये राजाच्या पिशाच्चाचे वर्णन करताना तो आला आहे. या उपपत्तीनुसार सामान्य लोकांनी त्याचा अपभ्रंश 'ॲपल-पाय' असा केला. परंतु इंग्रजी उच्चारात या शब्दाचा शेवट 'पी' असा होता. त्याचा 'पाय' होण्यासाठी तो ऐकण्याऐवजी वाचून चुकविला गेला असे मानावे लागते. निरक्षरांच्या अपभ्रंशाची कथा आणि वाचनातून झालेला बदल या दोन गोष्टी परस्परविरोधी आहेत. शिवाय 'कॅप-आ-पी ऑर्डर' असे मधल्या पायरीचे रूप दाखविणारा उतारा या उपपत्तीच्या समर्थकांनी दिलेला नाही.

२. 'नाप प्लिये' उपपत्ती : फ्रेंचमध्ये याचा अर्थ 'घडी घातलेले मेजावरचे कापड'. ब्रूअर यांचा कल याच बाजूला होता. घडी आणि नीटनेटकेपणा यांचा संबंध असल्याने ती आकर्षक वाटते. बिछान्याच्या अर्थासाठीही ती वापरली जाते. परंतु 'नाप' हे मेजावर घालायचे कापड असून बिछान्याच्या चादरीला फ्रेंचमध्ये 'द्रा' म्हणतात. थट्टेच्या त्या बिछान्याला फ्रेंच भाषक 'पाकिटाच्या घडीचा बिछाना' अशा अर्थाचा वेगळाच शब्द वापरतात. ज्या भाषेतून शब्द आला असे म्हणावे, त्या भाषेतच तो त्या अर्थाने नाही, ही या उपपत्तीची मोठी उणीव होय. बिछान्याचे नाव सफरचंदाचे सारण ठेवून दुमडलेल्या पारीवरून पडले असावे, हे स्पष्टीकरण त्याहून सरळ आहे.

३. वर्णमालेची उपपत्ती : मुलांना इंग्रजी मुळाक्षरे शिकविण्यासाठी एक जुने गीत आहे. त्यात 'ए' हे अक्षर सफरचंदाचा पाय असून पुढील प्रत्येक अक्षर क्रमाने त्या पायचे काही ना काही करते. जॉन ईचर्ड या धर्मोपदेशकाने १६७१ मध्येच या गीताचा उल्लेख केला आहे. केट ग्रीनअवे यांनी १८८६ मध्ये त्याची सचित्र आवृत्ती काढली. वर्णानुक्रम म्हणजेच 'ॲपल-पायचा क्रम' असा अर्थ यातून निघाला असावा, असे या उपपत्तीचे म्हणणे आहे. कालाच्या कसोटीवर ती टिकते, कारण गीत वाक्प्रचाराच्या शंभर वर्षे आधीचे आहे. स्थळाच्या कसोटीवरही ती टिकते. परंतु जुन्या नोंदींत वर्णानुक्रमाचा कोठेही संबंध नाही. तेथे विषय स्वच्छ पोशाखाचा आणि अंथरुणाचा आहे. त्यामुळे ही उपपत्ती शक्य कोटीत राहते, सिद्ध होत नाही.

४. अमेरिकन गृहिणीची कथा : न्यू इंग्लंडमधील गृहिणी आठवड्याचे सात पाय एकाच दिवशी भाजून फळीवर वारांच्या क्रमाने मांडीत, अशी ही कथा आहे. सफरचंदाचा पाय हे अमेरिकेचे राष्ट्रीय प्रतीक मानले जाऊ लागल्यावर तिला बळ मिळाले. अमेरिकन लेखिकेने लिहिलेले पहिले पाकपुस्तक म्हणून गणले जाणारे अमेलिया सिमन्स यांचे पुस्तक १७९६ मध्ये प्रसिद्ध झाले व त्यात सफरचंदाचा पाय आहे. परंतु वाक्प्रचाराच्या सर्वांत जुन्या नोंदी ब्रिटिश आहेत. म्हणून स्थळाच्या कसोटीवर ही कथा बाद होते.

५. पाककृतीची उपपत्ती : पायमध्ये सफरचंदाच्या फोडी व्यवस्थित रचल्या जातात, म्हणून हा वाक्प्रचार आला असे काहींचे मत आहे. हे स्पष्टीकरण फार साधे असल्याने दुर्लक्षिले गेले. मात्र त्याला समकालीन आधार आहे. हॅना ग्लास यांच्या १७४७ मधील 'द आर्ट ऑफ कुकरी' या अत्यंत खपलेल्या पुस्तकात सफरचंदे सोलून, चार फोडी करून, गाभा काढून त्यांची दाट रांग लावावी, वर साखर व मसाला पसरावा आणि पुन्हा फोडींचा थर द्यावा अशी कृती आहे. रांग आणि थर या दोन्ही कल्पना वाक्प्रचाराच्या पहिल्या नोंदीपूर्वी केवळ ३३ वर्षे छापील स्वरूपात घरोघर पोहोचल्या होत्या. यामुळे निर्णायक सिद्धता होत नसली, तरी फ्रेंच शब्दांचा आधार घेण्याची गरज उरत नाही.

थोडक्यात, या वाक्प्रचाराचे मूळ निर्विवादपणे ठरलेले नाही. तथापि पाच उपपत्तींपैकी दोन परकीय अपभ्रंशाच्या उपपत्ती दुर्बळ, एक अशक्य आणि दोन शक्य कोटीतील आहेत, इतका निवाडा करता येतो.

(इ) अव्यवस्थेचे शब्द : एका भांड्यातील सरमिसळ

टापटिपीसाठी इंग्रजीने पाय निवडला. पसाऱ्यासाठी मात्र एकाच भांड्यात शिजणारे किंवा चिरून एकत्र केलेले पदार्थ निवडले. त्यांत सर्वांत महत्त्वाचा शब्द 'मेस' हा आहे.

'मेस' हा शब्द 'पाठविणे, ठेवणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून जुन्या फ्रेंचमार्गे आला. त्याचा मूळ अर्थ 'ताटात वाढलेले अन्न' असा होता आणि सुमारे १३०० पासून तो इंग्रजीत आढळतो. बायबलमधील एसावने वडीलकीचा हक्क वाटीभर डाळीसाठी विकला त्या प्रसंगासाठी 'मेस ऑफ पॉटेज' हा शब्दसमूह रूढ आहे. १५६० च्या जिनिव्हा बायबलमध्ये तो अध्यायाच्या शीर्षकात आहे, १६११ च्या अधिकृत भाषांतराच्या त्या कथेच्या संहितेत नाही. सोळाव्या शतकात याच शब्दाला 'एका पंक्तीला बसणारे चौघे' असा अर्थ आला. शेक्सपिअरने 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट'मध्ये चौघांच्या टोळीसाठी तो योजला आहे. लंडनच्या विधी-विद्यापीठांत, म्हणजे 'इन्स ऑफ कोर्ट'मध्ये, चौघांच्या गटाने जेवण्याची परंपरा पुढेही राहिली. सैन्यातील 'ऑफिसर्स मेस' हा याच अर्थाचा विस्तार होय.

या प्रतिष्ठित शब्दाची घसरण अठराव्या शतकात सुरू झाली. जनावरांपुढे ठेवलेल्या मिश्र खाद्यासाठी तो वापरला जाऊ लागला. तेथून १८२० ते १८४० च्या दरम्यान 'कालवाकालव' व 'गोंधळ' हे अर्थ रूढ झाले आणि शतकाच्या मध्यास 'घरातील पसारा' हा आजचा अर्थ स्थिर झाला. पाठविलेले अन्न, पंगत, जनावरांचे खाद्य आणि शेवटी पसारा असा हा साडेपाचशे वर्षांचा प्रवास आहे. अर्थ बदलला तो शब्दाच्या ध्वनीमुळे नव्हे, तर तो कोणाच्या पुढ्यातील अन्नासाठी वापरला गेला त्यामुळे.

'हॉचपॉच' या शब्दाची कथा वेगळी आहे. 'हलविणे' आणि 'भांडे' या अर्थांच्या फ्रेंच शब्दांपासून तो बनला. कायद्यातील त्याचा वापरही तितकाच जुना आहे. मृताच्या अपत्यांपैकी कोणाला आधीच काही मालमत्ता मिळाली असेल तर ती परत एकत्र धरून मग सर्वांचे समान वाटे करणे, याला नॉर्मन काळानंतरच्या इंग्रजी कायद्यात 'हॉचपॉट' म्हणत. पंधराव्या शतकातील न्यायाधीश टॉमस लिटलटन यांनी याचे स्पष्टीकरण देताना, ज्यात एकच जिन्नस नसून अनेक जिन्नस एकत्र घातलेले असतात अशा पुडिंगची तुलना केली आहे. एडवर्ड कोक यांनी १६२८ मध्ये लिटलटनवर केलेल्या भाष्यामुळे ती पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचली. म्हणजे कायद्यात सरमिसळ ही न्याय्य वाटपाची पूर्वअट ठरली आणि बोलीत तोच शब्द गोंधळाचा वाचक झाला.

'हॅश' हा शब्द कुऱ्हाडीने तोडणे, चिरणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून आला. सॅम्युएल पेपिस यांच्या १६६३ च्या रोजनिशीत सशाच्या मांसाचा 'हॅश' हा पाहुण्यांना वाढलेला उत्तम पदार्थ आहे. पुढे उरलेले मांस चिरून पुन्हा शिजविण्याशी त्याचा संबंध दृढ झाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात 'काम बिघडविणे' हा अर्थ रूढ झाला. पेपिस यांनीच २६ सप्टेंबर १६६० रोजी घरात कामगार काम करीत असताना घराची जी दैना झाली होती तिच्यासाठी 'पिकल', म्हणजे खारवणाचे पाणी, हा शब्द योजला. शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट'मध्ये हाच शब्द मद्यधुंद विदूषकाच्या अवस्थेसाठी आला आहे. नंतरच्या काळात मात्र 'पिकल'चा अर्थ पसाऱ्याकडून अडचणीकडे सरकला.

'केटल ऑफ फिश' याचा अर्थ घोळ, लचांड. स्कॉटलंडच्या सीमेवरील ट्वीड नदीकाठी सहलीला जमून मोठ्या हंड्यात ताजे सॅमन मासे शिजविण्याच्या प्रथेचे वर्णन टॉमस न्यूट या नावाने प्रसिद्ध झालेल्या १७८५ च्या प्रवासवृत्तांतात आहे. वाक्प्रचाराचे मूळ म्हणून तेच सांगितले जाते. परंतु हेन्री फील्डिंग यांच्या १७४२ च्या 'जोसेफ अँड्र्यूज' कादंबरीत हा वाक्प्रचार गोंधळाच्या अर्थाने आधीच आलेला आहे. प्रथा वर्णनापूर्वीची असू शकते, परंतु वर्णनाच्या आधारे वाक्प्रचाराचे मूळ ठरविता येत नाही. कालाच्या कसोटीचे महत्त्व येथे स्पष्ट होते.

विसाव्या शतकातील 'डॉग्ज डिनर' हा शब्द आणखी एक गंमत दाखवितो. सामान्यतः कुत्र्याची न्याहारी किंवा जेवण म्हणजे बिघडलेले, विस्कटलेले काम. परंतु 'कुत्र्याच्या जेवणासारखा पोशाख' म्हणजे नको तितका नटलेला पोशाख. डोडी स्मिथ यांच्या १९३४ च्या 'टच वुड' या नाटकात केसांत गुलाब माळलेल्या स्त्रीच्या संदर्भात तो या दुसऱ्या अर्थाने येतो. एकाच प्रतिमेतून पसारा आणि अतिरेकी टापटीप असे दोन्ही अर्थ निघाले.

याशिवाय 'गॅलिमॉफ्री', 'सालमागंडी', 'ओल्या पोद्रिदा' असे मिश्र पदार्थांचे अनेक शब्द इंग्रजीने सरमिसळीसाठी उसने घेतले. जनावरांच्या मिश्र चाऱ्याचे 'फरागो' हे लॅटिन नावही त्यातच मोडते. विशेष म्हणजे एडमंड स्पेन्सर यांच्या १५७९ मधील 'शेफर्ड्स कॅलेंडर' या काव्याच्या प्रस्तावनेत, परकीय शब्दांच्या भरणीमुळे इंग्रजी भाषाच गॅलिमॉफ्री आणि हॉचपॉच झाल्याची तक्रार आहे. आणि तक्रारीसाठी वापरलेले दोन्ही शब्द फ्रेंचमधूनच आलेले आहेत.

(ई) 'स्पिक अँड स्पॅन' आणि 'ॲपल-कार्ट'

लख्ख, नवाकोरा या अर्थाचा 'स्पिक अँड स्पॅन' हा प्रयोग वरवर पाहता अन्नाशी संबंधित नाही. त्यातील 'स्पॅन' हा अंश जुन्या नॉर्स भाषेतील 'लाकडाची ताजी ढलपी' या अर्थाच्या शब्दातून आला. नुकत्याच काढलेल्या ढलपीसारखा नवा, असा त्याचा आशय. टॉमस नॉर्थ यांच्या १५७९ मधील प्लुटार्कच्या भाषांतरात तो 'नवीन' या शब्दासह येतो. पेपिस यांनी १६६५ मध्ये चिखलाच्या गल्लीतून चालणाऱ्या एका स्त्रीच्या नव्या पांढऱ्या जोड्यांसाठी तो वापरला. इंग्रजीतील 'स्पून', म्हणजे चमचा, हा शब्दही ढलपीवाचक अशाच सजातीय शब्दापासून आला, कारण प्रारंभीचे चमचे लाकडी होते. अशा रीतीने चमचा आणि चकचकीतपणा यांचे मूळ एकाच लाकडी ढलपीत सापडते.

रचलेली व्यवस्था उलथविणे यासाठीचा 'अपसेट द ॲपल-कार्ट' हा वाक्प्रचार १७८८ मध्ये आढळतो. मॅसॅच्युसेट्समध्ये अमेरिकन राज्यघटनेच्या मान्यतेवर मतदान होत असता सॅम्युएल ॲडम्स यांनी ऐनवेळी आपली दुरुस्ती पुढे करून जमत आलेला बेत उलटविण्याची वेळ आणली, असे जेरेमी बेल्कनॅप यांनी पत्रात लिहिताना ही प्रतिमा योजली. फळांची गाडी मुळातच डळमळीत असते, एका धक्क्याने सर्व फळे रस्त्यावर घरंगळतात. तिच्या अर्थासाठी कोणत्याही आख्यायिकेची गरज नाही. बर्नार्ड शॉ यांनी १९२९ मध्ये प्रथम वॉर्सा येथे सादर झालेल्या राजकीय नाटकाला हेच नाव दिले.

(उ) भारतीय व्यवहारातील अवशेष

या शब्दांपैकी दोन शब्द भारतात वेगळ्या अर्थाने स्थिरावले. पहिला 'मेस'. मराठीत 'मेस' म्हणजे विद्यार्थ्यांची वा नोकरदारांची खाणावळ. 'मेस लावणे', 'मेसचे पैसे भरणे' हे प्रयोग पुणे, मुंबई, नागपूर येथील विद्यार्थ्यांच्या तोंडी आहेत. सैन्य व वसतिगृहे यांच्याद्वारे आलेल्या या शब्दात पंगतीचा जुना अर्थ जिवंत राहिला आहे. आजच्या इंग्रजी बोलीत पसाऱ्याखाली दबलेला अर्थ मराठीने जपला, असे म्हणता येईल.

दुसरा 'हॉचपॉट'. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ४९ च्या शीर्षकात तो आहे. हिंदू एकत्र कुटुंबातील व्यक्तीने स्वकष्टार्जित मिळकत स्वेच्छेने समाईक मिळकतीत मिसळली की ती एकत्र कुटुंबाची होते. या सिद्धांताचे विवेचन करतानाही भारतीय न्यायालये हा शब्द वापरीत आली आहेत. वाटणीच्या दाव्यात एखाद्याचे घर किंवा शेत त्याचे एकट्याचे की सर्वांचे, हे मूळच्या एका पुडिंगवाचक शब्दाभोवती फिरते.

उलट दिशेचा प्रवासही झाला. खिचडी हा भारतीय पदार्थ इंग्रजीत 'केजरी' म्हणून गेला व यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ मधील 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात नोंदला गेला. मराठीत खिचडी हा सरमिसळीचाही वाचक आहे. तसेच अनेक पक्षांच्या सरकारला 'कडबोळे' म्हणण्याची रीत वृत्तपत्रांत आहे.

(ऊ) खाद्यरचना आणि सुव्यवस्थेची कल्पना

वरील शब्दांची तुलना केली असता एक आकृतिबंध दिसतो. सुव्यवस्थेच्या प्रतिमेत पदार्थाला सीमा आहे : बाहेर पारी, आत थर, प्रत्येक फोड ओळखू येणारी. अव्यवस्थेच्या प्रतिमेत सीमा नाहीशी झालेली आहे : चिरलेले, घोटलेले, हलविलेले, एकमेकांत मिसळलेले. मेरी डग्लस यांनी १९६६ च्या 'प्युरिटी अँड डेंजर' या ग्रंथात अस्वच्छता म्हणजे अस्थानी पडलेली वस्तू, ही कल्पना विस्ताराने मांडली. इंग्रजी वाक्प्रचारांतील पाय आणि हंडा यांतील भेद याच कल्पनेशी सुसंगत आहे.

यात सामाजिक दर्जाचाही भाग आहे. मध्ययुगात राजाच्या मुदपाकखान्यात सन्मानाने होणारे मिश्र पदार्थ पुढे उरल्यासुरल्या अन्नाशी, नोकरवर्गाच्या जेवणाशी आणि जनावरांच्या खाद्याशी जोडले गेले. 'मेस'ला पसाऱ्याचा अर्थ ज्या काळात मिळाला, त्याच काळात मध्यमवर्गीय घराची टापटीप हे गृहिणीच्या योग्यतेचे मापक ठरत होते. इझाबेला बीटन यांचा गृहव्यवस्थापनावरील प्रसिद्ध ग्रंथ १८६१ चा आहे. शब्दाची अवनती आणि नव्या गृहशिस्तीचा उदय यांची ही समकालीनता सूचक आहे.

निष्कर्ष

१. 'ॲपल-पाय ऑर्डर' हा वाक्प्रचार अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील ब्रिटिश वापरातून पुढे आला. फ्रेंच अपभ्रंशाच्या उपपत्ती ध्वनी व अर्थ या कसोट्यांवर दुर्बळ ठरतात. अमेरिकन गृहिणीची कथा स्थळाच्या कसोटीवर अग्राह्य ठरते.

२. लोकप्रिय उपपत्ती महत्त्वाचे पुरावे छापले जाण्यापूर्वी मांडल्या गेल्या आणि पुरावे आल्यानंतरही बदलल्या नाहीत. मूळ कोशकाराने व्यक्त केलेला संशय उत्तरकालीन पुस्तकांनी गाळला, हे त्याचे प्रमुख कारण होय.

३. इंग्रजीत टापटिपीसाठी सीमाबद्ध व रचलेला पदार्थ, तर पसाऱ्यासाठी मिश्र पदार्थ अशी प्रतिमांची विभागणी आढळते.

४. 'मेस', 'हॅश' यांसारख्या शब्दांची अवनती ही अन्नाच्या बदलत्या सामाजिक दर्जाची निदर्शक आहे.

५. 'मेस' व 'हॉचपॉट' या शब्दांचे जुने अर्थ भारतीय व्यवहारात टिकून आहेत. त्यामुळे इंग्रजी शब्दांच्या इतिहासासाठी भारतीय वापर हेही साधन ठरते.

६. इंग्रजीच्या अध्यापनात वाक्प्रचारांच्या कथा सांगताना पहिल्या नोंदीचे वर्ष आणि स्थळ सांगणे आवश्यक आहे. कथा विद्यार्थ्याच्या लक्षात राहते, परंतु वर्ष आणि स्थळ सोबत असेल तरच ती कथा खरी की रचलेली हे तपासण्याची सवय त्याला लागते. भाषेच्या अभ्यासातून इतिहासदृष्टी घडते ती याच मार्गाने.